मले, तुले, चिखलदऱ्याले

‘चिखलदऱ्याले चाल्लो.’ परतवाड्याच्या स्टँडवर, अचलपूरच्या बाजारात, धामणगाव गढीच्या फाट्यावर हे दोन शब्दांचे वाक्य रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असते. त्यातले ‘चाल्लो’ क्रियापद आहे आणि ‘चिखलदरा’ सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे गाव. या दोहोंना बांधणारे एक अक्षर मात्र पाठ्यपुस्तकातल्या विभक्तीच्या तक्त्यात कुठेही सापडत नाही. ते अक्षर म्हणजे ‘ले’. द्वितीयेचे प्रत्यय ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीचे प्रत्यय ‘स, ला, ते’, असे मराठी शाळेत शिकलेला प्रत्येक जण घोकतो. खानदेशापासून नागपूरपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात लाखो लोक दिवसातून शेकडो वेळा जो प्रत्यय वापरतात, त्याला त्या तक्त्यात जागा नाही. पुढची पाने या एका प्रत्ययाविषयी आहेत. त्यांत एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. ‘ले’ हे ‘ला’चे बिघडलेले रूप नव्हे. तो स्वतःच्या नियमांनी चालणारा, रुंद अर्थकक्षेचा आणि काही ठिकाणी प्रमाण मराठीपेक्षाही नेटका असा व्याकरणिक घटक आहे. त्याला समजून घ्यायचे तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लॅटिनमधल्या ‘अद’ या इवल्या शब्दाची गोष्ट फार उपयोगी पडते. वऱ्हाडच्या प्रत्ययासाठी रोमपर्यंत का जायचे, याचे उत्तर पुढे ओघाने येईल. आधी ‘ले’ काय काय करतो ते जवळून पाहू.

कापूस वेचणीच्या दिवसांत एखाद्या धुऱ्यावर तासभर कान देऊन उभे राहिले, तर या प्रत्ययाची जवळजवळ सगळी कामे ऐकायला मिळतात. ‘बाया येचाले गेल्या’ यात ‘ले’ क्रियापदाला जोडून हेतू सांगतो. ‘सखू पान्याले गेली’ यातही हेतूच आहे, पण तो नामाला लागला आहे. पाणी हे तिथे पोचायचे ठिकाण नाही, आणायची वस्तू आहे. मेळघाटात चैत्रात ‘मोहाले गेले’ म्हणतात तेव्हा हाच अर्थ असतो, मोहफुले वेचायला गेले. ‘मायले सांग’, ‘त्याले इचार’, ‘पोराले भाकर दे’ हे बोलण्याचे आणि देण्याचे व्यवहार. ‘दुपारले ये’, ‘पोळ्याले ये’ ही वेळ. ‘किलोले किती?’, ‘एकराले किती क्विंटल झाला?’, ‘दिवसाले किती रोजी?’ हा दर, म्हणजे एका मापामागे दुसरे माप. ‘कितीले देल्ल?’ ही किंमत. ‘मले भूक लागली’, ‘तिले राग आला’, ‘मले आठवते’ यांत माणूस कर्ता नाही, अनुभव घेणारा आहे. भूक त्याच्याकडे येते, तो भुकेकडे जात नाही. ‘त्याले दोन पोरी हायेत’ हे असणे. ‘मले जा लागते’ ही सक्ती. आणि ‘त्यानं गड्याले वखर हाकाले लावलं’ या एका वाक्यात ‘ले’ दोनदा येतो. पहिल्यांदा ज्याच्याकडून काम करवले त्या गड्यापाशी, आणि दुसऱ्यांदा त्या कामापाशीच. ऐकणाऱ्याचा क्षणभरही गोंधळ होत नाही. इतक्या कामांना एकच अक्षर पुरते हे त्या अक्षराचे दारिद्र्य समजायचे, की या सगळ्या कामांच्या तळाशी एकच अर्थ आहे असे समजायचे? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. तो अर्थ म्हणजे ‘कडे’. रोख, दिशा, कुठेतरी जाऊन लागणे. गाव, पाणी, माय, दुपार, किलो, भुकेला जीव, करायचे काम, या सगळ्यांकडे वाक्यातली क्रिया वळते आणि तिथे जाऊन टेकते. ‘ले’ म्हणजे त्या टेकण्याची खूण.

हे केवळ ‘ला’च्या जागी ‘ले’ म्हणणे आहे, फरक उच्चारापुरताच आहे, असे कुणी म्हणेल. एकवचनापुरते पाहिले तर ते खरेही वाटते. ‘दरा’चे ‘दऱ्या’ हे सामान्यरूप दोघांनाही लागते. ‘चिखलदऱ्याला’ आणि ‘चिखलदऱ्याले’ यांत एका स्वराचा फरक. पण अनेकवचनात गेल्याबरोबर दोन्ही व्यवस्था वेगळ्या वाटा धरतात. प्रमाण मराठीत ‘पोराला’ म्हणतात, पण पुष्कळ पोरे असली की ‘पोरांना’. प्रत्ययच बदलतो, शिवाय सामान्यरूपावर अनुस्वार चढतो. वऱ्हाडीत ‘पोराले’ आणि ‘पोरायले’. प्रत्यय तोच राहतो आणि अनेकत्व दाखवायला मध्ये ‘य’ येतो. कुठे तो ‘ई’सारखा ऐकू येतो, ‘पोराईले’. हाच तुकडा ‘लोकायचं’, ‘बायायनं’, ‘मानसायले’ यांत दिसतो. म्हणजे वऱ्हाडीने संख्येचे काम एका तुकड्याला दिले आणि विभक्तीचे दुसऱ्या. एक मणी संख्येचा, त्यापुढचा मणी संबंधाचा. प्रमाण मराठीत ही दोन्ही कामे ‘ना’मध्ये एकत्र कालवली गेली आहेत. भाषेचे वर्णन करणाऱ्याला दोन्ही रचना सारख्याच मोलाच्या असतात. पण बिघडलेले रूप मुळापेक्षा अधिक नियमित कसे झाले, या प्रश्नाचे उत्तर ‘ले’ला अपभ्रष्ट म्हणणाऱ्याने दिले पाहिजे.

इथे एक मोहक तर्क समोर येतो आणि त्याच्याशी सावधपणे वागावे लागते. चिखलदऱ्याच्या आसपासच्या गावांत कोरकू बोलली जाते. ती मुंडा कुळातली, म्हणजे मराठीशी नात्याने असंबद्ध भाषा. जॉन ड्रेक यांचे तिचे व्याकरण १९०३ साली कलकत्त्याला छापले गेले, आणि के. एस. नागराज यांचा तिच्या व्याकरणाचा, कथनांचा व शब्दसंग्रहाचा ग्रंथ १९९९ साली निघाला. ‘कोरो’ म्हणजे माणूस, त्याला ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय लागून ‘कोरकू’, माणसे. एका जमातीचे नावच व्याकरणाचा धडा आहे. दोघांसाठी या भाषेत ‘किङ’ हा निराळा द्विवचनी प्रत्यय आहे. कर्म असो की ज्याला द्यायचे तो असो, दोघांसाठी ‘केन’ हा एकच प्रत्यय येतो, आणि तो संख्येच्या प्रत्ययानंतर लागतो. हीच तर ‘पोरायले’ची बांधणी! मग वऱ्हाडीने ती कोरकूकडून घेतली का? तसे म्हणण्याचा मोह होतो, पण पुरावा साथ देत नाही. अहिराणीतही ‘माले, तुले’ आहे आणि अनेकवचनात तिथे ‘पोरेसले’, ‘मानसेसले’ असे संख्यादर्शक ‘स’ पुढे ठेवून मग ‘ले’ येते. धुळे-जळगावच्या ज्या शिवारांत कोरकूचा शब्दही कानी पडत नाही, तिथेही मण्यांची हीच माळ आहे. म्हणून एवढेच म्हणता येते की, सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने पसरलेल्या बोलींनी नामाची ही रचना आपापल्या साधनांनी उभी केली आणि मेळघाटात तिला कोरकूसारखा समानधर्मी शेजार मिळाला. कोरकूभाषक माणूस बाजारात वऱ्हाडी बोलू लागतो तेव्हा ‘केन’च्या जागी ‘ले’ ठेवणे त्याला जड जात नाही. प्रमाण मराठी शिकताना मात्र ‘ला’ आणि ‘ना’ यांची वाटणी त्याला वेगळी शिकावी लागते.

‘ले’ तक्त्यात का नाही, याचे कारण तक्ता कुठून आला यात आहे. आपल्याकडच्या भाषांची छापील व्याकरणे दोन साच्यांतून निघाली. एक साचा लॅटिनचा. साष्टीत राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली मराठीत ‘क्रिस्तपुराण’ सिद्ध केले. कोकणीचे त्याचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापले गेले, आणि त्यात नामाची रूपे लॅटिनच्या विभक्तींच्या चौकटीत बसवलेली आहेत. विल्यम केरीचे मराठी व्याकरण सेरामपूरहून १८०५ साली आले, तेही युरोपीय शिस्तीतूनच. दुसरा साचा संस्कृतचा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. या माणसांनी केलेल्या कामाचे मोठेपण कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. दामल्यांचे तर प्रत्येक पान वादाला तोंड देऊन लिहिलेले आहे. पण साच्याचा परिणाम टळत नाही. संस्कृतात द्वितीया आणि चतुर्थी यांची रूपे वेगळी, ‘रामम्’ आणि ‘रामाय’. लॅटिनमध्येही वेगळी. मराठीत दोन्हीकडे तेच ‘स, ला, ते’, तरी घरे दोनच राहिली. ज्या भाषेत कर्म आणि संप्रदान एकाच खुणेने दाखवले जातात तिच्या मुलांनी एकच प्रत्यय दोन नावांनी पाठ करायचा, ही त्या साच्याने दिलेली ओझ्याची देणगी आहे. आणि जे तक्ता करायला बसले त्यांच्यासमोर पुण्या-मुंबईकडची लिहिती भाषा होती. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ चा. त्यात वऱ्हाडी-नागपुरीला स्वतंत्र जागा मिळाली. पण पाहणी ग्रंथालयात राहिली आणि तक्ता वर्गात गेला.

आता रोमकडे वळू. अभिजात लॅटिनमध्ये द्यायची वस्तू एका विभक्तीत आणि ज्याला द्यायची तो दुसऱ्या विभक्तीत असे. या दुसरीचे नावच ‘दारे’, म्हणजे देणे, या धातूवरून ‘दातीवुस’ असे पडले. आपल्या ‘संप्रदाना’चा तोच अर्थ. ‘मला’ या अर्थाचे त्यांचे रूप ‘मिही’. हे ‘मिही’ काय काय करी ते पाहिले की वऱ्हाडी माणसाला परकेपणा वाटू नये. ‘मिही एस्त लिबेर’, शब्दशः ‘मले पुस्तक हाये’, म्हणजे माझ्याजवळ पुस्तक आहे. ‘मिही प्लाचेत’, मले आवडते. ‘मिही एउन्दुम् एस्त’, मले जा लागते. सक्तीच्या वाक्यात कर्ताच नाहीसा होऊन माणूस ‘कडे’च्या विभक्तीत जातो, हा विचार दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे केला. इंग्रजीच्या चष्म्यातून आपल्या ‘मला हवे, मला जावे लागते’ या रचना विचित्र वाटू लागतात. लॅटिनच्या शेजारी ठेवल्या की त्या मानवी भाषेच्या एका रुळलेल्या वाटेवरच्या दिसतात.

पण खरी कथा आहे ‘अद’ची. ‘अद’ म्हणजे ‘कडे’. नगराकडे जायचे तर ‘अद’, संध्याकाळपर्यंत थांबायचे तर ‘अद’, युद्धासाठी निघायचे तर ‘अद’. देण्याच्या व्यवहारात मात्र लिहित्या लॅटिनला तो चालत नसे. तिथे विभक्तीच हवी. बोलणाऱ्यांनी ही मर्यादा पाळली नाही. विभक्तीचे अंत्य स्वर बोलण्यात पुसट होऊ लागले, तसे लोक ‘त्याला दिले’ऐवजी ‘त्याच्याकडे दिले’ असे ‘अद’ घालून सांगू लागले. ख्रिस्तपूर्व दोनशेच्या सुमाराला प्लॉटसच्या नाटकांतल्या बोलत्या भाषेतच याच्या खुणा सापडतात. पुढे शतकानुशतके हा शब्द विभक्तीची एकेक जागा घेत गेला, आणि स्पॅनिशमध्ये त्याचा ‘आ’ झाला. त्या ‘आ’ची कामे आपल्या कापसाच्या धुऱ्याजवळ आणून ठेवा. माद्रिदले जायचे तर ‘आ’. पोराले द्यायचे तर ‘आ’. ‘वॉय आ कोमेर’ म्हणजे जेवाले जातो, क्रियापदालाही ‘आ’. दुपारले, ठरावीक वाजता, ‘आ’. बाजारात टमाटे ‘कितीले’ हे विचारायचे तर ‘आ क्वांतो’. घर दिसले तर ‘वेओ ला कासा’, पण हुआन नावाचा माणूस दिसला तर ‘वेओ आ हुआन’, म्हणजे कर्म सजीव आणि निश्चित असेल तर त्यालाही ‘आ’. वऱ्हाडीत हेच आहे. ‘म्या घर पाह्यलं’, पण ‘म्या जनाले पाह्यलं’. दोन भाषा, मध्ये समुद्र आणि हजारो मैल, एकमेकींचे एक अक्षर न ऐकलेले, आणि तरी दिशा दाखवणाऱ्या शब्दाचा प्रवास टप्प्याटप्प्याने सारखा. आधी जागा, मग हेतू, मग देणे, मग माणसाचे कर्म. यासाठी रोमपर्यंत जायचे. ‘ले’ची अनेक कामे हा अडाणी बोलीचा ढिसाळपणा असेल, तर स्पॅनिशचा ‘आ’ही ढिसाळ ठरेल, आणि तसे म्हणायला कुणी धजणार नाही.

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत घट्ट बसलेला आक्षेप अपभ्रंशाचा. मूळ ‘ला’, तो खेड्यात जाऊन ‘ले’ झाला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासायला वऱ्हाड सोडायची गरज नाही, उलट वऱ्हाडातच थांबावे लागते. चिखलदऱ्याच्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, गोविंदप्रभूंचे गाव. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पावात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि मराठीतले आद्य गद्य या भूमीने दिले. त्या गद्यात कर्म आणि संप्रदान दाखवायला ‘सि’ आणि ‘तें’ यांचे राज्य आहे, आणि ‘च्यासाठी’ या अर्थाने ‘लागी’ हा शब्द त्या काळच्या मराठीत ठिकठिकाणी भेटतो. म्हणजे सर्वांत जुन्या थरात आजच्या तक्त्यातला मानाचा ‘ला’ सिंहासनावर नाही, तो नंतर वर आलेला आहे. जो स्वतः नंतर आला त्याला मूळ मानून दुसऱ्याला त्याची विकृती ठरवता येत नाही. बहुतेक अभ्यासकांनी ‘ला’ हा ‘लागी’शी, म्हणजे अखेर ‘लागणे’ या धातूशी जोडला आहे. हे मान्य केले तर ‘ले’चाही जन्म त्याच घरी होतो. ‘लागी’मधला ‘ग’ गळून ‘लाई’ राहावा, हा टप्पा नेपाळीत आजही जिवंत आहे. तिथे ‘मला’ म्हणजे ‘मलाई’. ‘लाई’चे शेवटचे दोन स्वर एकवटले तर ‘ले’, शेवटचा स्वर गळाला तर ‘ला’. दोघे सख्खे भाऊ, आणि थोरला कोण हे ठरवायचेच झाले तर अंत्य ‘ई’ची आठवण ‘ले’नेच अधिक जपली आहे. वऱ्हाडीच्या ‘मले जा लागते’मध्ये तर हा प्रत्यय आणि त्याचे मूळ क्रियापद एकाच वाक्यात शेजारी बसतात.

नेपाळीचा उल्लेख आला म्हणून एक सावधानताही इथेच नोंदवतो. नेपाळीत ‘ले’ हा प्रत्यय आहे, पण तो करणाऱ्याला लागतो. त्यांचे ‘मैले’ म्हणजे ‘मी’, आपले ‘मले’ म्हणजे ‘मला’. गुजरातीत ‘मने’ म्हणजे मला आणि हिंदीत ‘मैंने’ म्हणजे मी. नाद सारखा, काम उलटे. म्हणून नुसत्या ध्वनिसाम्यावरून नाती जोडण्याचा उद्योग पुढच्या पानांत केलेला नाही. प्रत्येक ठिकाणी आधी वाक्यातले काम पाहिले आहे.

अपभ्रंशाच्या आक्षेपाला आणखी एक पुरावा छेद देतो, आणि तो पुण्याच्याच कागदपत्रांतला आहे. एकोणिसाव्या शतकातले कुठलेही मराठी गद्य उघडा. ‘त्यास सांगितले’, ‘पुण्यास गेला’, ‘राजास कळविले’, असा ‘स’ ओळीओळीत आहे. विसावे शतक सरता सरता तो पत्रांच्या मायन्यांत, निमंत्रणपत्रिकांत आणि सरकारी भाषेत उरला आणि त्याच्या जागी बोलण्यातला ‘ला’ लिहिण्यात आला. म्हणजे प्रमाण मराठीने स्वतःच शे-दीडशे वर्षांत आपला प्रतिष्ठित प्रत्यय सोडून बोलीतला उचलला, आणि भाषा बुडाली असे कुणाला वाटले नाही. जे ‘ला’च्या बाबतीत वाढ म्हणून स्वीकारले, ते ‘ले’च्या बाबतीत ऱ्हास कसे?

दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. कर्म आणि संप्रदान एकाच खुणेने दाखवले तर संदिग्धता येत नाही का? ती येऊ शकते, आणि बोलणाऱ्यांनी तिची तजवीज करून ठेवली आहे. ‘मास्तरनं पोराले पुस्तक देल्लं’ यात द्यायची वस्तू प्रत्ययाविना आहे, कारण ती निर्जीव आहे. घोळ तेव्हाच संभवतो जेव्हा देणारा, दिले जाणारे आणि घेणारा तिन्ही माणसेच असतात. लग्नाच्या बोलण्यात ते होते. तिथे वऱ्हाडी माणूस ‘पोरीले पाटलाले देल्लं’ म्हणत नाही. ‘पोरगी पाटलाच्या घरी देल्ली’ म्हणतो. कर्माचा ‘ले’ काढून घेतो आणि घेणाऱ्याला ठिकाण बनवतो. क्रियापदही लगेच साक्ष देते. ‘मायनं पोरगी पाह्यली’ यात क्रियापद पोरीशी जुळते. ‘मायनं पोरीले पाह्यलं’ यात ‘ले’ लागताच ते जुळणे तुटते. हा नियम न शिकवता पाच वर्षांचे मूल अचूक पाळते. ज्याला आपण शिस्तहीन बोलणे म्हणतो त्यात इतकी काटेकोर शिस्त आहे, आणि ती लिहून काढायला आपण इतका उशीर लावला, याची खंत हे पुस्तक लिहिण्यामागे आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलाला परीक्षा द्यायची आहे, नोकरी शोधायची आहे, सगळ्या महाराष्ट्राशी बोलायचे आहे. मग ‘ले’चे कौतुक करून त्याचे नुकसानच होणार नाही का? प्रमाण भाषेची गरज मी नाकारत नाही. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०३ पासून मध्य प्रांताशी जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. सरकारे बदलत असताना या प्रदेशाला उरलेल्या मराठी मुलखाशी बांधून ठेवले ते सामाईक लिखित मराठीने. प्रश्न ती शिकवायची की नाही हा नाही, ती कुठून शिकवायला सुरुवात करायची हा आहे. चिखलदरा तालुक्यातल्या शाळेत बसलेल्या कोरकू मुलाचा विचार करा. घरात ‘केन’, बाजारात ‘ले’, टीव्हीवर हिंदीचा ‘को’, पुस्तकात ‘ला’ आणि ‘ना’. एकाच कामाच्या चार-पाच खुणा त्याच्या डोक्यात आधीच मांडलेल्या आहेत. त्याने वहीत ‘मले’ लिहिले आणि शिक्षकाने त्यावर लाल रेघ ओढली, तर त्याला कळते ते एवढेच की आपण चुकलो. त्याऐवजी ‘केन’, ‘ले’, ‘ला’ फळ्यावर एकाखाली एक लिहिले, अनेकवचनात कोण बदलतो आणि कोण बदलत नाही ते त्यालाच शोधायला लावले, तर तो प्रमाण रूप लवकर शिकेल आणि शिवाय व्याकरण म्हणजे काय हे त्याला उमगेल. आपल्याकडे भाषांतली तुलना हा विद्यापीठातला विषय समजला जातो. मेळघाटातले मूल ती रोज आठवडी बाजारात करते.

लाल रेघांचा इतिहासही लॅटिनमध्ये नोंदलेला आहे. ‘आपेंदिक्स प्रोबी’ नावाने ओळखली जाणारी एक जुनी यादी आहे. कुणा शिक्षकाने शिष्यांच्या चुका सुधारण्यासाठी केलेली, ‘असे म्हणा, तसे नको’ या धाटणीची. तीत आरशासाठी ‘स्पेकुलुम’ म्हणा, ‘स्पेक्लुम’ नको, असे बजावले आहे. आज इटालियनमध्ये आरशाला ‘स्पेक्कियो’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘एस्पेहो’, आणि दोन्ही शब्द त्या निषिद्ध ‘स्पेक्लुम’चेच वंशज आहेत. त्या अनामिक शिक्षकाची नोंद आज अमूल्य वाटते, कारण लोक खरोखर काय बोलत होते हे त्याच्या मनाईतूनच आपल्याला कळते. वऱ्हाडीसाठी मनाईची यादी पुरेशी नाही. उद्धव शेळक्यांच्या १९६० च्या ‘धग’ने या बोलीला मराठी कादंबरीत उभे केले. परतवाड्याला जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिली. गाडगेबाबांच्या कीर्तनांनी ती गावोगाव नेली. साहित्याने आपले काम केले. व्याकरणाचे काम मात्र उरले आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यानंतर आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिल्यानंतर ते टाळायला सबबही उरलेली नाही. अभिजातपणाचा पुरावा म्हणून ज्या गद्याकडे आपण अभिमानाने बोट दाखवतो ते जिथे रचले गेले, तिथले आजचे बोलणे व्याकरणाबाहेर ठेवायचे, हा व्यवहार मला मान्य नाही.

पुढच्या पानांविषयी थोडे. उदाहरणे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ‘ण’चा ‘न’ तसाच ठेवला आहे, आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ जिथे होतो तिथे दोन्ही रूपे दिली आहेत, कारण अकोल्याकडे आणि अमरावतीकडे, आणि एकाच गावात दोन घरांतही, हा ध्वनी सारखा नसतो. विभक्तींची जुनी नावे टाळली आहेत. प्रत्येक प्रकरण ‘ले’चे एक काम घेते आणि त्याच्या शेजारी प्रमाण मराठी, अहिराणी, कोरकू आणि जिथे उजेड पडतो तिथे लॅटिन ठेवते. सुरुवात मात्र गावाच्या नावापासून किंवा ‘मले’पासून केलेली नाही, ती ‘कायले’पासून केली आहे. प्रमाण मराठीला या जागी ‘काय’ सोडून ‘कशाला’ असे दुसरे अंग शोधावे लागते. वऱ्हाडीने ‘काय’ला सरळ ‘ले’ जोडला. लॅटिननेही ‘अद’ला ‘क्विद’, म्हणजे ‘काय’, जोडून ‘अद क्विद’ केले होते, अर्थ तोच. कारण विचारताना वऱ्हाडी माणूस ‘कायले?’ म्हणतो, आग्रहाने थांबवतानाही ‘कायले जाता आता?’ म्हणतो, आणि दुसऱ्या वाक्यात प्रश्न मुळीच नसतो. एकाच शब्दात प्रश्न आणि जेवून जाण्याचे आमंत्रण कसे मावते, तिथून पहिले प्रकरण सुरू होते.